तरंगलं तर रंध्याचं, बुडालं तर ओळंब्याचं

गावात सुतार तिघं होते, पण लाकूड जिभेनं ओळखणारा एकच. त्याला सगळे रंधा म्हणत. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला ठाऊक होतं, पण ती आयुष्यभर 'अहो' म्हणत आली, त्यामुळे ते नाव न वापरता तसंच राहिलं, नव्या भांड्यासारखं.

आता लाकूड जिभेनं ओळखायचं म्हणजे काय, ते ऐका. रंधा सात वर्षांचा असताना बापानं त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधलं आणि पुढ्यात भुशाच्या अकरा चिमट्या मांडल्या. एकेक जिभेवर ठेवायची आणि झाडाचं नाव सांगायचं. चुकलं की टपली. पहिल्या दिवशी अकरा टपल्या बसल्या. महिन्याभरात त्या एकावर आल्या. ती एक मात्र काही केल्या सुटेना. रंध्यानं त्या अकराव्या चिमटीला गावातल्या प्रत्येक झाडाचं नाव देऊन पाहिलं आणि प्रत्येक नावाला टपली खाल्ली. लग्न झाल्यावर एकदा धीर करून त्यानं बापाला विचारलं, तर बाप म्हणाला, "ते लाकूड नव्हतंच. विटेचा चुरा होता."

"मग सांगायचं नाही?"

"सुताराला जे ते लाकूडच वाटतं, हे तुझं तुला कळावं म्हणून नाही सांगितलं."

रंध्यानं मान डोलावली. कळलं मात्र नाही. हे पुढं उपयोगी पडणार आहे म्हणून आधीच सांगून ठेवलं.

पंचेचाळीस वर्षं त्यानं दारं, खिडक्या, पलंग, पाळणे केले. मग हात थरथर कापायला लागला. सुताराचा हात कापायला लागला की गिऱ्हाईक आधी हाताकडे बघतं आणि मग दुसऱ्या सुताराकडे जातं. डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं. नुसतं चालणं हा रंध्याला वेळेचा शुद्ध अपव्यय वाटायचा, म्हणून तो नदीकाठानं खाली बघत चालायचा. खाली बघत चाललं की निदान काहीतरी सापडतं.

एक दिवस ढलपी सापडली. हातभर लांब, अंगावर साल, एका बाजूला गाठ. चुलीला होईल म्हणून तो वाकला, लाकूड उचलायच्या हिशेबानं जोर लावला आणि ढलपी जागेवरच राहिली. रंधा म्हणाला, ओली असेल. दोन्ही हातांनी घरी आणली आणि वाळायला छपरावर टाकली. दोन महिने वाळवली. दोन महिन्यांनी ढलपी होती तेवढीच जड होती आणि छपराचं एक कौल फुटलं होतं.

मग त्यानं तिच्यावर रंधा चालवला. पात्याचा तुकडा उडाला. पातं जुनं असेल म्हणून दुसरं बसवलं. तेही गेलं. तिसरं बसवताना त्याला आतून कळत होतं की हे जाणार, पण तोवर प्रश्न लाकडाचा राहिला नव्हता, अब्रूचा झाला होता. तीनही पाती त्यानं खिळ्यांच्या डब्यात तळाशी दडवली आणि त्याविषयी आयुष्यात कुणाजवळ ब्र काढायचा नाही असं ठरवलं. बायकोनं दुसऱ्या दिवशी डबा झाडला, पाती पुन्हा होती तशी ठेवली आणि वर खिळे घातले. संसार असाच चालतो.

शेवटी त्यानं ढलपीला जीभ लावली. चव काहीच नाही. जन्मात पहिल्यांदा लाकडाला चव नव्हती. पण जीभ लागली तेवढी जागा ओली झाली आणि त्या ओल्या ठिकाणी झाडाची वर्षं दिसायला लागली. बारीक, एकात एक, कुठं दाट कुठं विरळ, नीट हातात हात धरून चालल्यासारखी वलयं. वाळलं की गुडूप. पुन्हा ओलं केलं की हजर. रंधा संध्याकाळपर्यंत ढलपी घेऊन बसला.

"जेवायला येताय का तिलाच चाटून पोट भरलं?" बायकोनं विचारलं.

"अगं, हे लाकूड आहे आणि दगडाचं आहे."

"बरं. हात धुवा."

तिथून पुढं रंध्याला नाद लागला. दोन वर्षांत त्याचा ओटा भरला. पुस्तक नाही, गुरू नाही. चुका करून तो शिकला. वजनानं फसायचं नाही, पाणी लावून आडव्या छेदाकडं बघायचं. वलयं असली तर लाकूड. वलयांऐवजी नुसते ठिपके ठिपके असले तर ताडामाडाच्या जातीतलं काहीतरी. नुसते पट्टे असतील आणि ते काठाशी येऊन वळत नसतील तर साधा दगड, सोडून द्यायचा. खऱ्या दगडी लाकडाच्या टोकानं काचेवर ओरखडा उठतो, हे त्यानं स्वतःच्या खिडकीवर सिद्ध केलं. दुसऱ्यांदा सिद्ध करायला गेला तेव्हा बायकोनं खिडकी बंद केली. आणि एक गोष्ट त्याला जिभेनंच शिकवली. एका तांबूस तुकड्याला जीभ लावली तर ती चिकटूनच बसली. लाकूड नव्हतं, हाड होतं. कधीकाळच्या जनावराचं हाड, आत बारीक छिद्रं छिद्रं, ती ओल ओढून घेतात.

"तोंड धुऊन या आधी," बायको म्हणाली. "कुणाचा पाय कोण जाणे."

सगळंच काही जमलं असं नाही. ओट्यावर मधोमध एक चौकोनी तुकडा होता, त्यावर लाकडाच्या रेषा इतक्या स्वच्छ की बघत राहावं. रंधा वर्षभर तो आल्यागेल्याला दाखवत होता. एक दिवस ओळंबा आला, त्यानं तुकडा उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाला, "हा माझ्या मेव्हण्याच्या हौदाचा कोपरा. पुरात वाहून गेला होता. सिमेंट ओतताना फळी लावली होती, तिचा छाप उठलाय."

"फळी कुठली?"

"तुझ्याच दुकानातली."

रंध्यानं तुकडा खालच्या फळीवर ठेवला. टाकला नाही. छाप चांगला होता.

हा ओळंबा म्हणजे गावचा गवंडी आणि पाथरवट, दोन्ही एकाच अंगात. भिंत सरळ आहे का बघायला दोरीला शिसं बांधून सोडतात ना, त्या ओळंब्यासारखाच उंच, सरळ आणि गप्प. लहानपणी दोघं एका बाकावर. पुढं रंध्याची मुलगी ओळंब्याच्या मुलाला दिली आणि दोघं व्याही झाले. त्या दिवसापासून चारचौघांत एकमेकांना 'व्याहीबुवा' आणि 'तुम्ही' म्हणायचे. राग आला की 'तू' वर यायचे. त्यामुळे भांडण किती पेटलंय हे लांबूनही कळायचं.

आणि या दोन घरांत एक जुना करार होता. पूर ओसरला की नदी काठावर काय काय टाकून जाते. आज्यांच्या काळात त्यावरून डोकी फुटायची वेळ आली, तेव्हाच्या नावाड्यानं निवाडा दिला: वाद असेल ती वस्तू भर पाण्यात टाकायची. तरंगलं तर सुताराच्या घरचं, बुडालं तर पाथरवटाच्या. तीन पिढ्या हा नियम चालला. तो फार अचूक होता असं नाही. एकदा काळ्या लाकडाचा एक गाभा वाहून आला, इतका घट्ट की टाकल्याबरोबर तळाला गेला. नियमाप्रमाणं तो दगड ठरला आणि ओळंब्याच्या घराला उंबरा झाला. आणि एकदा पायाच्या टाचा घासायचा भोकाभोकांचा मोठा दगड तरंगला, तो लाकूड म्हणून रंध्याकडं आला. रंध्याची बायको अजून त्यानं टाचा घासते. नियम म्हणजे नियम.

यंदाच्या पुरानं दोन गोष्टी केल्या. कपडे धुवायच्या पायऱ्या नेल्या आणि अलीकडची दरड पाडून आतलं एक झाड उघडं केलं.

रंधा नेहमीसारखा खाली बघत चालला होता, पण या वेळी खाली बघायची गरज पडली नाही. सहा माणसं हात पसरून उभी राहतील एवढं लांब झाड, आडवं, पूर्ण दगडाचं. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत नऊ तुकडे, एकाला एक लागून, जणू काल दुपारी कुणी कापून ठेवलं आणि जेवायला गेला. रंध्यानं टोपी काढली. टोपीनं पाणी आणून पहिल्या तुकड्यावर ओतलं. वलयं दिसली, मध्यापासून जरा एका बाजूला सरकलेली. म्हणजे झाड उतारावर वाढलं होतं आणि जन्मभर तोल सांभाळत होतं.

मग त्यानं छेद तपासले. आठही छेद आडवे, स्वच्छ. तिसऱ्या आणि सहाव्याला थोडा तिरकेपणा होता, दोन्हीकडं एकाच अंगाला.

"करवत डाव्या हाताला ओढली आहे," तो घरी येऊन म्हणाला. "डावखुरा होता."

"कोण?"

"ज्यानं कापलं तो. हात चांगला आहे. सहाव्याला दमला असणार."

पुढचे पंधरा दिवस गावानं त्या डावखुऱ्या सुताराशिवाय दुसरं काही ऐकलं नाही. तो किती उंच असेल, करवतीचे दात केवढे असतील, दोन माणसं लागली असतील की एक. न्हाव्याच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, "रंधाशेठ, त्याला आता बोलवून घ्या, माझं कपाट अडलंय." रंधा हसला नाही. व्यवसायातली गोष्ट होती.

इकडं ओळंब्याला कचेरीनं धुण्याच्या पायऱ्या नव्यानं बांधायचं काम दिलं. महिन्याची मुदत. तोवर बायका बोचकी घेऊन नावेतून पलीकडं धुवायला जात होत्या. ओळंब्यानं ते नऊ तुकडे पाहिले, हातोडीनं एकेकावर टिचकी मारली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "चांगला माल आहे. कापून लाद्या निघतील. पायऱ्यांना लावतो."

"व्याहीबुवा, ते लाकूड आहे," रंधा म्हणाला.

"दगड आहे, व्याहीबुवा."

"दुसऱ्या सुताराचं अर्धं राहिलेलं काम आहे. त्याला विचारल्याशिवाय हात लावता येत नाही. आमच्या धंद्यात तसा रिवाज आहे."

"विचारा की मग."

"तू थट्टा करू नकोस."

'तू' ऐकल्याबरोबर रंध्याची मुलगी, म्हणजे ओळंब्याची सून, मध्ये पडली. "बाबा, मामंजी, गाव बघतंय. मी पत्र लिहिते. शहरात संग्रहालय आहे, तिथल्या बाई येऊन सांगतील काय आहे ते."

सोनारानंच कान टोचावे म्हणतात. बाई आल्या. बारीक, चष्मा, गुडघ्यापर्यंत चिखल, गळ्यात दोरीला भिंग. त्यांनी नऊही तुकडे पाणी लावून पाहिले आणि रंध्यानं त्यांना कुठल्या तुकड्यात कुठली गाठ आहे ते न बघता सांगितलं. बाईंनी मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. "तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"जिभेनं," रंधा म्हणाला.

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

"म्हणजे हे झाडच ना?" रंध्यानं विचारलं.

"झाडच होतं."

"आणि आता?" ओळंब्यानं विचारलं.

"आता दगड आहे. गाळात गाडलं गेलं, लाकूड कणाकणानं गेलं आणि त्या जागी दगड बसला. घर तेच, भाडेकरू बदलला असं समजा."

"मग घर कुणाच्या नावावर?"

"ते माझ्या खात्यात येत नाही," बाई म्हणाल्या.

दोघांनाही आपण जिंकलो असं वाटलं, त्यामुळे वाद होता तिथंच राहिला. मग रंध्यानं त्यांना मोठ्या प्रेमानं तिसरा छेद दाखवला. "आणि हा बघा, डावखुरा."

बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. करवत, दम, दात, सगळं. मग चष्मा पुसला. "आजोबा, हे झाड पडलं तेव्हा माणूस नव्हता."

"इथं नसेल. पलीकडच्या गावात?"

"कुठंच नव्हता. दगड झाल्यावर खालची जमीन हलली, तेव्हा ते आडवं मोडलं. खडू मोडतो ना, तसं. करवत लागली नाही."

"दगड असाच मोडतो," ओळंबा म्हणाला. "पहिल्या दिवसापासून मला ठाऊक होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू खुशीत होतास."

बाईंनी एक कपचा घेतला, त्यावर आकडा घातला. सगळं झाड न्यायला त्यांच्याकडं जागा नव्हती. गेल्या वर्षी मिळालेले कुठल्याशा जनावराचे दगडी दातच अजून खोक्यात होते. "फोडू नका, एवढंच म्हणेन," त्या म्हणाल्या. "पण माझं म्हणणं म्हणजे काही हुकूम नाही." आणि चारच्या गाडीनं गेल्या.

त्या संध्याकाळी रंधा ओट्यावर बसून राहिला. बायकोनं चहा आणून ठेवला, गार झाला, परत नेला, गरम करून आणला.

"एवढं झाड पडलं," तो शेवटी म्हणाला, "आणि एक सुतार मिळाला नाही."

बायको शेजारी बसली. "तुम्हाला हवंय का ते झाड?"

"मी जन्मभर कापलीच की झाडं. एक तरी राहिलं असं वाटत होतं. वाटलं होतं निदान दुसऱ्याचं म्हणून वाचवू."

"मग आता आपलं म्हणून वाचवा."

पण आपलं म्हणायचं तर करार होता. दुसऱ्या दिवशी दोघं व्याही नावाड्याकडं गेले. नावाडी ऐंशीचा, नात्यातला कुणाचाच नाही म्हणून सगळ्यांचा नाना. त्याचं मन निवाड्यात फारसं नव्हतं. पायऱ्या मोडल्यापासून नाव दिवसभर भरलेली असायची आणि हा वाद जितका लांबेल तितकं बरं, असं त्याला वाटणं साहजिक होतं. दोन्ही काठांवर हात ठेवून जगणारा माणूस तो.

"पाणी आज गढूळ आहे," नाना म्हणाला. "उद्या टाकू."

दुसऱ्या दिवशी वारा होता. तिसऱ्या दिवशी नानाची पाठ. चौथ्या दिवशी बायकाच ओरडल्या, तेव्हा नाव मध्यावर गेली. रंध्यानं चाचणीसाठी सगळ्यात पातळ, सगळ्यात कोरडी कपची आणली होती. ती बुडणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. खोटं करायचं असतं तर त्याच्या घरात तरंगणारं पुष्कळ होतं. पण अकराव्या चिमटीला त्यानं कधी फडक्याखालून बघितलं नव्हतं, ते आता या वयात कुठं बघणार. त्यानं कपची नानाच्या हातात दिली.

नानानं ती हळूच पाण्यावर ठेवली, जणू झोपलेलं मूल. बुडबुडासुद्धा आला नाही.

नाना पाण्याकडं बघत राहिला. बराच वेळ झाल्यावर ओळंबा म्हणाला, "नाना, निकाल?"

"थांब जरा. एखादं विचार बदलतं."

विचार बदलला नाही. झाड ओळंब्याचं झालं. उतरताना ओळंबा म्हणाला, "व्याहीबुवा, राग धरू नका."

"नियम म्हणजे नियम," रंधा म्हणाला आणि घरी येऊन दार लावून बसला.

दार लावलं तरी नदी पाचशे पावलांवर होती. पहिल्या सकाळी घणाचा आवाज आला. टण्. मग थोडा वेळ काही नाही. पुन्हा टण्. बायको कपडे वाळत घालत होती. रंधा प्रत्येक आवाजाला डोळे मिटायचा. दुपारी आवाज विरळ झाले. दुसऱ्या दिवशी मोजून सहा आले, त्यातला एक शिवीचा होता. ओळंबा जन्मात शिवी देत नसे. तिसऱ्या दिवशी काहीच नाही.

"झालं बहुतेक," रंधा म्हणाला. "कापून झालं."

चहाच्या वेळेला दाराशी खोकल्याचा आवाज आला.

"विहीणबाई, चहा आहे का?"

ओळंबा आत येऊन बसला. पिशवी जमिनीवर ठेवली, ती खणखणली. चहा आला. अर्धा कप संपला.

"व्याहीबुवा," ओळंबा म्हणाला, "ती पहिली ढलपी तासायला घेतली होतीत, तेव्हा पाती किती गेली?"

"कसली पाती?"

"तीन," बायको आतून म्हणाली.

रंध्यानं आत पाहिलं, मग कपात पाहिलं.

"माझ्या चार छिन्न्या गेल्या," ओळंबा म्हणाला आणि पिशवी उघडली. चारही छिन्न्यांची तोंडं तुटलेली, म्हाताऱ्याच्या दातांसारखी. "चाळीस वर्षं दगड फोडतोय. असला दगड पाहिला नाही."

"आणि झाडाला काय झालं?"

"ओरखडा."

"कुठल्या तुकड्याला?"

"पाचव्या."

रंधा चहा टाकून उठला, चपला घातल्या आणि नदीकडं निघाला. हात पाठीमागं बांधून ओळंबा मागोमाग. पाचव्या तुकड्याच्या कडेला चार बारीक पांढऱ्या रेघा होत्या. काळ्या दगडावरची रेघ म्हणतात ती, पण चार छिन्न्यांना चारच. रंध्यानं त्यांवरून अंगठा फिरवला. हात त्या दिवशी कापत नव्हता, किंवा त्याचं लक्ष नव्हतं.

"मुदत किती राहिली?"

"नऊ दिवस," ओळंबा म्हणाला. "लाद्या निघत नाहीत. तुकडे सगळे कमीजास्त लांबीचे. वर सपाट करायचे तर कापावे लागणार, आणि कापवत नाहीत. दगडाखाली हात सापडलाय."

रंधा नऊही तुकड्यांच्या भोवती एक फेरी मारून आला. मग म्हणाला, "मी मांडवाचे खांब बसवतो, तेव्हा तू कधी मला खांबाचं डोकं कापताना पाहिलंस?"

"नाही."

"लांब असेल त्याला खड्डा खोल घेतो, आखूड असेल त्याला उथळ. वरची पातळी खड्ड्यात काढायची असते."

ओळंबा तुकड्यांकडं बघत राहिला. "उभे करायचे?"

"उभे. छेद वर. एकाला एक लावून, पाण्याच्या काठाशी नवांची एक रांग. त्यावर बसून धुवायचं."

"बायका घसरतील."

"मोडलेलं अंग आहे, खरखरीत आहे. जिथं गुळगुळीत असेल तिथं घाल आणखी चार छिन्न्या."

ओळंबा हसला. हा प्रसंग गावात दोनदा घडलेला आहे, पहिला त्याच्या लग्नात.

"एक अट आहे," रंधा म्हणाला. "बुंध्यापासून शेंड्यापर्यंत क्रम चुकता कामा नये."

"माल माझा आहे."

"मान्य. पण झाड झाडासारखं लागलं पाहिजे."

सहा दिवस काम चाललं. खड्डे किती खोल ते रंध्यानं सांगायचं, पातळी ओळंब्यानं बघायची. रोज दोनदा 'तू' व्हायचं आणि रोज संध्याकाळी पुन्हा 'तुम्ही'. सातव्या दिवशी रंधा सकाळी उशिरा पोचला तर रांग पुरी झाली होती, सांधे भरलेले होते आणि ओळंबा हात धूत होता. रंध्यानं टोपीत पाणी घेतलं आणि पहिल्यापासून एकेकावर ओतत गेला. पाचव्याशी थांबला.

"हा सहावा आहे."

"पाचवा आहे."

"पाचव्याच्या कडेला तुझे ओरखडे आहेत. ते इथं कुठं आहेत? पुढच्यावर आहेत. तू पाचवा-सहावा उलटे बसवलेस."

ओळंब्यानं वाकून पाहिलं. "सांधे वाळले. दिसणार कुणाला?"

रंधा ओल्या वलयांकडं बघत उभा राहिला, टोपी हातात, पाणी गळतंय. ओळंब्यानं दोन वेळा त्याच्याकडं पाहिलं. मग पहार उचलली.

"बाजूला हो," तो म्हणाला. "ओळंबा सुटला आणि भिंत वाकडी निघाली तर मीही पाडतोच."

दोन तुकडे उपटून पुन्हा बसवायला दोन दिवस लागले. कचेरीची मुदत त्या संध्याकाळी संपत होती आणि काम त्या दुपारी संपलं. एकंदरीत कुणाचंच वाईट झालं नाही. नानालासुद्धा दोन दिवस जादा मिळाले.

आता सकाळी जाऊन पाहाल तर नऊ बायका नऊ तुकड्यांवर बसलेल्या दिसतील. कुणी कुठं बसायचं ते ठरून गेलं आहे. रंध्याची बायको पहिल्यावर बसते, बुंध्याला; जागा रुंद आहे आणि टाचा घासायचा तो लाकूड ठरलेला दगड शेजारी ठेवता येतो. कपडे आपटले की पाणी उडतं, सगळे छेद ओले होतात आणि झाडाची सगळी वर्षं वर येतात. रंधा तिच्या मागं उभा राहून काडीनं मोजतो. एकशे सदतीसपर्यंत पोचलं की ऊन लागून ती बाजू वाळते आणि आकडा हुकतो.

"अगं," तो म्हणतो, "पाय जरा घे. आणि एक बादली ओत."

"काल किती झाले होते?"

"एकशे सदतीस."

"आणि परवा?"

"एकशे सदतीस."

ती पाय घेते, बादली बुडवते आणि ओतते.